सव्वीस नंबरचा वाडगा

सिस्टर लुडविनाच्या स्वयंपाकघरात वाडग्यांची फळी चुलीच्या डाव्या अंगाला होती. वाडगे साधे, जाड, पांढऱ्या मातीचे, आणि प्रत्येकाच्या बुडाला निळ्या रंगात एक आकडा. ख्रिस्ती संन्यासिनींच्या ह्या संघात येणाऱ्या प्रत्येक मुलीला पहिल्याच दिवशी एक आकडा मिळायचा आणि मग तिच्या वाडग्यापासून पायमोज्यांपर्यंत सगळ्यांवर तोच चढायचा. ती मेली तरी तो आकडा दुसऱ्या कुणाला देत नसत. लुडविनाचा आकडा सव्वीस. तिला त्याचं काही कौतुक नव्हतं. बेल्जियमच्या फ्लँडर्समध्ये आपल्या बापाच्या गोठ्यातल्या गायींनाही आकडेच होते आणि त्या गायी सुखात होत्या, असं ती सांगायची.

एकतीस नंबर सिस्टर कोलंबाचा. कोलंबा आयरिश, उंच, हाडकुळी आणि अखंड बडबडी. लुडविनाच्या स्वयंपाकघरात न विचारता पाऊल टाकायची प्राज्ञा इस्पितळाच्या प्रमुख मदर पर्पेचुआचीही नव्हती. कोलंबा मात्र सरळ आत यायची, पातेल्यात डाव घालायची, चाखायची आणि मीठ कमी आहे म्हणून सांगायची. लुडविना रोज तिच्यावर डाफरायची आणि ती गेल्यावर चिमूटभर मीठ घालायची.

त्या वर्षी हॅलोरनच्या घळीतली चांदी संपली. खाणवाल्यांनी शरद ऋतूतच गाशा गुंडाळला आणि पहिलं बर्फ पडायच्या आत फळ्यांचं आणि तंबूंचं ते अख्खं गाव खाली खोऱ्यात उतरून गेलं. मागे राहिलं ते एकटं इस्पितळ, कारण त्यातली माणसं हलवण्यासारखी नव्हती. कुणाचे पाय दगडाखाली चिरडलेले, कुणाची छाती धुळीने भरलेली. मदर पर्पेचुआने खाणीच्या मुकादमाला सांगून टाकलं होतं की आम्ही वसंतात निघू, ह्यांना बरोबर घेऊन निघू, आणि तोवर इथेच आहोत. मुकादमाने टोपी काढली, पिठाची काही पोती जास्तीची ठेवली आणि तोही गेला.

इस्पितळात सिस्टरांखेरीज हिंडता-फिरता माणूस एकच होता, तो म्हणजे टूमी. खाणीत उजवं पाऊल गमावलेला, साठीचा, दाढीत तंबाखूचे कण अडकलेला. लाकडं फोडणं, पाणी आणणं आणि मेलेल्यांसाठी पेट्या ठोकणं ही त्याची कामं. टूमीची जीभ मात्र शाबूत होती.

जानेवारीत खिंडीपलीकडच्या लाकूडतोड्यांच्या छावणीतून एक खेचरवाला निरोप घेऊन आला. तिथे घटसर्प आला होता, पोरं गुदमरून मरत होती. घटसर्पाची शुश्रूषा कोलंबाइतकी कुणालाच येत नव्हती. संघाचा नेम असा, की सिस्टरने बाहेर एकटं जायचं नाही, दोघींनी जायचं. पण दुसरी सिस्टर देण्याजोगी नव्हतीच. मदरने रात्रभर विचार केला आणि सकाळी कोलंबाला एकटीलाच खेचरवाल्याबरोबर पाठवलं. निघताना कोलंबाने स्वयंपाकघराच्या दारातून डोकं आत घातलं.

"सेंट ब्रिजिडच्या दिवसाची माझी पोळी राखून ठेव हं. सफरचंदं कमी घातलीस तर मला कळेल."

"तुला काय कळतंय," लुडविना कणीक मळता मळता म्हणाली. तिने मान वर करून पाहिलंही नाही.

पुढच्या आठवड्यात बर्फावर चालायचे बूट बांधून छावणीतला एक माणूस आला. खिंडीच्या माथ्यावरून बर्फाचा कडा सुटला होता. दोन्ही खेचरं सापडली, खेचरवाला सापडला, तिघांनाही तिथेच पुरलं. कोलंबाची पिशवी सापडली. कोलंबा सापडली नाही. आणखी खणायला माणसं नव्हती आणि त्याच रात्री वरून पुन्हा बर्फ कोसळलं होतं. त्याने पिशवी मेजावर ठेवली, सूप प्यायला आणि खिंड बंद व्हायच्या आत परत जायला निघाला.

फादर येणं शक्य नव्हतं. मदरनेच मृतांसाठीच्या प्रार्थना वाचल्या. लुडविना प्रार्थनेला होती, पण तिचं लक्ष सारखं पिशवीच्या पट्ट्याकडे जात होतं. तो पट्टा तिनेच शिवून दिलेला होता आणि टाका अजून घट्ट होता. त्या रात्री तिला रडू आलं नाही. दुसऱ्या दिवशी सूप चाखताना आलं, कारण मीठ कमी होतं आणि सांगायला कुणी नव्हतं.

सिस्टर वारली की महिनाभर तिची जागा जेवणघरात तशीच मांडायची, हा संघाचा जुना नेम. तिचा वाडगा, चमचा, पावाचा तुकडा आणि वाडग्यासमोर काळ्या लाकडाचा छोटा क्रूस. सगळ्यांना वाढायचं तसंच तिला वाढायचं. मग आभाराची प्रार्थना झाली की तो वाटा दाराशी न्यायचा आणि बाहेरच्या कुणा गरिबाला द्यायचा. त्याने खायचं आणि गेलेलीसाठी प्रार्थना करायची. बेल्जियममध्ये त्या एका वाडग्यासाठी मठाच्या दाराशी भांडणं लागायची. इथे गरीब शोधायला गावच उरलं नव्हतं.

"माझ्याइतका गरीब तुम्हाला मिळायचा नाही," टूमी म्हणाला. "दोन पावलंसुद्धा माझ्या नावावर नाहीत."

मदरने मान हलवली. टूमी घरचा माणूस, घरच्याच भांड्यातला जेवणारा. नेमात बाहेरचा माणूस म्हटलं आहे. तिने लुडविनाला सांगितलं की वाटा मागच्या पायरीवर ठेव, पाखरं खातील, तीही देवाचीच.

लुडविनाने एकतीस नंबरचा वाडगा घेतला, कोपराने कडी काढली आणि दार ढकललं. पायरीखाली एक बाई उभी होती.

अंगावर करडी घोंगडी, डोक्यावरून घेतलेली. वय सांगता येण्यासारखं नाही. तिने दोन्ही हात पुढे केले. लुडविना गोंधळली, पण वाडगा तिच्या हातात दिला. कुठून आलीस, आणखी कोण आहे बरोबर, थंडीत उभी का, आत ये, असं बरंच काही ती बोलली. तिचं इंग्रजी बेताचंच होतं, म्हणून तेच आपल्या घरच्या फ्लेमिश भाषेत बोलली. बाईने वाडगा घोंगडीच्या आत घेतला आणि लाकडांच्या छपराला वळसा घालून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या घंटेच्या थोडं आधी वाडगा पायरीवर होता. राखेने घासलेला, स्वच्छ, आणि कडेला पातळ बर्फ धरलेलं. घंटा झाली, प्रार्थना झाली, दार उघडलं, तर बाई उभी.

लुडविना फार विचार करत बसणाऱ्यांतली नव्हती. घळीच्या तोंडाशी कोळसा पाडणाऱ्यांच्या झोपड्या होत्या. त्यातलं एखादं कुटुंब मागे राहिलं असेल, नवरा आजारी असेल, बाई लाजत असेल. तिने मदरला तसं सांगितलं. मदर म्हणाली, आपल्याला गरीब हवा होता, देवाने पाठवला, आता चौकशा कशाला. तेही खरंच होतं. मात्र एक गोष्ट लुडविनाला चमत्कारिक वाटायची. ती बाई समोर असताना तिचा चेहरा नीट दिसायचा, अगदी साधा, कुणाचाही असावा असा. दार लावलं की आठवायचा नाही. हात तेवढे आठवायचे. त्या थंडीत सगळ्यांचे हात लाल आणि भेगाळलेले असत. तिचे तसे नव्हते.

फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला, आयर्लंडच्या सेंट ब्रिजिडच्या दिवशी, लुडविनाने ओटची पोळी केली. सुकवलेली सफरचंदं मूठभरच उरली होती, ती सगळी घातली. रुग्णांना एकेक चतकोर दिली, सिस्टरांना बोटभर, आणि एकतीस नंबरच्या वाडग्यावर चांगला जाड तुकडा ठेवला.

पुढच्या दिवसांत कोठी खडखडायला लागली. बार्ली पातळ झाली, खारवलेलं मांस रविवारपुरतं उरलं. छातीचा एक रुग्ण फारच खंगला होता, त्याच्यासाठी लुडविनाने एके दिवशी कोलंबाच्या वाट्यातले मांसाचे तुकडे चमच्याने काढून घेतले. वाडग्यात राहिलं सलगमाचं पाणी. बाईने वाडगा घेतला, आत पाहिलं, मग लुडविनाकडे पाहिलं. ते पाहणं रागाचं नव्हतं. तरी लुडविनाची दार लावताना दोनदा कडी चुकली.

त्या दुपारी टूमी लाकडं घेऊन आत आला आणि नेहमीसारखा चुलीपाशी शेकत न बसता उभाच राहिला.

"ती बाई कुठली हो, सिस्टर?"

"खालची असेल. कोळसेवाल्यांतली."

"खालची नाही." टूमीने लाकडं एकेक करून रचली. "मी छपरातून बघतो रोज. ती वर जाते."

"वर काय आहे?"

"जुनं खोदकाम. पहिली खाण तिथे होती, तेव्हाची एक झोपडी आहे. आणि त्याच्यावर खिंड." त्याने हात झटकले. "तिच्या पायात बर्फाचे बूट नसतात. मी पाय असताना तिथे चार पावलं टाकली असती तर कमरेपर्यंत गेलो असतो."

लुडविनाने झाकण उचललं आणि पुन्हा ठेवलं. नीट दिसत नसेल, बर्फावर डोळे दिपतात, असं ती म्हणाली. टूमी हो म्हणाला. एरवी तो कशालाही एवढ्या पटकन हो म्हणायचा नाही.

महिना संपला तो ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू व्हायच्या आदल्या दिवशी. रात्रीच्या प्रार्थनेनंतर मदरने स्वतः कोलंबाची जागा आवरली. क्रूस पुसून पेटीत ठेवला. एकतीस नंबरचा वाडगा फडक्यात गुंडाळून कपाटाला कुलूप लावलं. वसंतात पहिला जो गरीब भेटेल त्याला तो कायमचा द्यायचा, असाच नेम होता.

"मदर, ती बाई उद्या पण येईल," लुडविना म्हणाली.

"येऊ दे. समजावून सांग तिला. नेम पुरा झालाय आणि आपल्या कोठीत काय आहे ते तुला माझ्याहून जास्त माहीत." मदर पर्पेचुआ कठोर नव्हती. त्या महिन्यात तिच्या पोशाखाची कमर दोनदा आत घ्यावी लागली होती. "मेलेल्या सिस्टरसाठी जे करायचं ते आपण केलं, लुडविना. आता जिवंत माणसं जगवायचीत."

दुसऱ्या दिवशी दुपारी लुडविनाने दार उघडलं. बाई उभी होती, हात पुढे केलेले.

"संपलं," लुडविना म्हणाली. "महिना झाला. आता नाही."

बाई हलली नाही. वरून भुसभुशीत बर्फ पडत होतं आणि तिच्या घोंगडीवर बसत होतं, वितळत नव्हतं. लुडविनाने दार लोटलं. लोटलेल्या दाराला टेकून ती थोडा वेळ उभी राहिली. दार बंद असूनही तिला वर जाणारी वाट दिसत होती, जुनी खाण, खिंड. टूमीने सांगितलं त्या दिवसापासून तिने जो विचार मनात येऊ दिला नव्हता, तो आता आला आणि जाईना. कोलंबाला कुणीच पाहिलं नव्हतं. पिशवी पाहिली होती.

तिने फळीवरून आपला सव्वीस नंबरचा वाडगा काढला. उपवासकाळात दिवसाला एकच जेवण, दुपारचं. आपला सगळा वाटा तिने त्यात ओतला, वर पाव ठेवला आणि दार उघडलं.

त्यानंतर रोज तसंच झालं. फरक एवढाच की वाडगा पायरीवर परत येईना. बाई तो हातात घेऊनच येई आणि रिकामा पुढे करी. लुडविना जेवणघरात सगळ्यांना वाढून परत स्वयंपाकघरात जाई आणि तिथेच जेवते असं सांगे. पातेल्याच्या बुडाची खरपूड आणि पावाचं टोक यावर ती दिवस काढू लागली. मदरने एकदा तिच्या गालांकडे पाहून विचारलं, तर तिने उपवासकाळाचं नाव पुढे केलं. मदरचा विश्वास बसला नसावा. पण उपवासकाळात कुणाला जास्त खा म्हणणं हे मदरच्या नेमात बसत नव्हतं.

भूक फार वाईट. फ्लँडर्समध्ये ती कधी उपाशी राहिली नव्हती. आता वाडगा दाराशी नेताना त्यातल्या वाफेने तिचे डोळे भरून येत. एकदा तिने अर्धा वाडगा प्यायलासुद्धा. मग उरलेल्यात गरम पाणी घातलं आणि स्वतःला शिव्या घालत दार उघडलं.

मार्चमध्ये बर्फाची साय कडक झाली. सापळे लावणारे दोन पारधी वरच्या अंगाने उतरले आणि हरणाची एक तंगडी इस्पितळाला देऊन गेले. जाता जाता त्यांना लुडविनाने दाराशी गाठलं. आपल्या मोडक्या इंग्रजीत तिने सांगितलं की जुन्या खोदकामापाशी झोपडी आहे, तिथे जाऊन पाहा.

"काय बघू?" त्यातला थोरला म्हणाला.

"आमची सिस्टर."

ती जानेवारीत गेली हे अख्ख्या डोंगराला माहीत होतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. धाकट्याने हळूच म्हटलं, बाईंना भुकेने वेड लागलंय. तेवढ्यात टूमी कुबडी आपटत आला. त्याच्या हातात त्याचा अस्वलाच्या कातड्याचा कोट होता. त्याच्या मालकीची बरी म्हणावी अशी तेवढी एकच वस्तू.

"झोपडीत डोकावून या आणि हा घेऊन जा," तो म्हणाला. "तिथे काही नसलं तरी घेऊन जा. पण डोकावून या."

त्या दुपारी बाई आली. लुडविनाने वाडगा दिला, पण तो लगेच सोडला नाही. पहिल्यांदाच तिची बोटं त्या बोटांना लागली. ती गरम नव्हती आणि गारही नव्हती.

"ती जिवंत आहे ना?" लुडविनाने विचारलं.

बाईने वाडगा घोंगडीच्या आत घेतला आणि गेली.

पारधी तिसऱ्या दिवशी परतले ते घसरगाडी ओढत. त्यावर अस्वलाचा कोट होता आणि कोटात कोलंबा.

मदर धावली, टूमी कुबडी टेकत आला, उठू शकणारे रुग्ण खिडक्यांशी आले. लुडविनाला धावता आलं नाही. ती भिंतीला धरत धरत पुढच्या दाराशी पोचली तेव्हा कोलंबाला आत आणत होते. एक पाय मांडीत मोडून वाकडाच जुळलेला. चेहरा काळवंडलेला, पण भरलेला. बाकीच्या सिस्टरांपेक्षा तिचीच तब्येत बरी होती. ती हसत होती, मदरचा हात दाबत होती. मग तिची नजर लुडविनावर गेली आणि ती हसायची थांबली. तिने क्रूसाची खूण केली.

"तू तर गेलीस ना?" ती म्हणाली.

कोलंबाला वरच्या खोलीत ठेवलं. पुढचे काही दिवस लुडविना रोज तिच्याजवळ बसत असे, आता दोघी एकाच पातेल्यातलं जेवत. कोलंबाने तुटक तुटक सांगितलं. कडा सुटला तेव्हा ती फेकली गेली, घसरत एका ओहोळात पडली, आणि मोडका पाय ओढत त्या झोपडीपर्यंत पोचली. झोपडीत चूल होती, लाकडं होती, खायला काही नव्हतं. तिने मरणाची प्रार्थना म्हटली. मग एका दुपारी दार उघडलं आणि घोंगडीतली एक बाई वाडगा घेऊन आत आली.

"सूप गरम होतं," कोलंबा म्हणाली. "इथून तिथवर, लुडविना. वाफ येत होती."

"वाडगा कुठला?"

"माझाच. एकतीस. मी बूड पाहिलं ना. तेव्हाच समजले की तुम्ही मला मेलेली धरलंय आणि हा माझाच वाटा आहे. मग काय, खाल्ला. आणि नेम आहे म्हणून गेलेलीसाठी प्रार्थना पण केली. स्वतःसाठीच." ती थोडी हसली. "ब्रिजिडच्या दिवशी सफरचंदं भरपूर घातलीस. आणि एक दिवस नुसतं सलगमाचं पाणी. फार चिडले होते मी तुझ्यावर."

लुडविनाच्या मांडीवरचं विणकाम तसंच राहिलं. मांस काढून घेतल्याचं तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

"मग एके दिवशी सव्वीस नंबर आला," कोलंबा म्हणाली. "मी बूड पाहिलं आणि वाडगा खाली ठेवला. म्हटलं, लुडविना गेली. आता हा तिचा वाटा. त्या दिवशी खाववलं नाही मला. दुसऱ्या दिवसापासून खाल्लं, आणि रोज तुझ्यासाठी मृतांची प्रार्थना म्हटली. सगळी, एक ओळ न गाळता."

"फुकट गेली," लुडविना म्हणाली. तिने कोलंबाचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"ती बाई कधी काही बोलली?" तिने मग विचारलं.

कोलंबा खिडकीकडे पाहत राहिली. "नाही," ती म्हणाली.

लुडविना तिला चांगली ओळखत होती. कोलंबाला खोटं बोलता येत नसे, बोलताना तिची मान लाल व्हायची, आणि आत्ताही ती लाल झाली होती. तिने पुढे विचारलं नाही.

मदरने आपल्यापुरता उलगडा केला. झोपडीत कुणीतरी पीठ सोडून गेलं असणार, तापात माणसाला काय काय दिसतं. पारध्यांना विचारलं तर ते म्हणाले, झोपडीत ना पीठ होतं ना डबे, आणि वाडगाही नव्हता. मदरने कपाट उघडून एकतीस नंबर फळीवर ठेवला. कोलंबा आली त्या दिवसापासून बाई दाराशी आली नाही. सव्वीस नंबरही आला नाही.

वसंतात गाड्या आल्या आणि सगळे खाली खोऱ्यात उतरले. तिथे संघाने विटांचं इस्पितळ बांधलं, मागे अनाथ मुलींसाठी एक माडी चढवली. छातीचा तो रुग्ण बरा होऊन तिथे माळी झाला. टूमी एका हिवाळ्यात गेला. त्याला त्याने स्वतःच ठोकून ठेवलेल्या पेटीत घातलं. लुडविनाचं नवं स्वयंपाकघर मोठं होतं, त्याला परसाकडे दार होतं. मदरने तिला नवा वाडगा देऊ केला. पुन्हा सव्वीस आकडा नको म्हणून कोलंबानेच हरकत घेतली, आणि कोलंबा मिठाखेरीज कशाला हरकत घेत नसे म्हणून मदरने ऐकलं. लुडविना टिनच्या भांड्यात जेवू लागली.

कोलंबा लंगडत स्वयंपाकघरातच कामाला आली. एक मात्र होतं. दुपारी घंटा झाली की परसाचं दार ती स्वतः उघडे. लुडविना उठली तर तिला खाली बसवे. पहिल्या उन्हाळ्यात लुडविनाने एकदा तिला दंडाला धरून विचारलं की तू मला काय सांगत नाहीस.

कोलंबाची मान लाल झाली नाही. ती खरं सांगत होती.

"सव्वीस नंबर आला त्या दिवशी मी तिला विचारलं, लुडविना कधी गेली?" ती म्हणाली. "तेव्हा तेवढं बोलली ती. म्हणाली, अजून नाही."

लुडविनाने कणकेवर ओलं फडकं घातलं. तिला भीती वाटली, नाही असं नाही. पण पाव आंबून वर आला होता आणि भट्टी तापली होती.

नंतर पाच-सहा उन्हाळे गेले. दोघी म्हातारपणाकडे झुकल्या, भांडत राहिल्या. मीठ कमीच पडत राहिलं.

ऑगस्टमधल्या एका सकाळी कोलंबा अनाथ मुलींना घेऊन नदीवर गेली होती. उकाडा इतका की चुलीपाशी उभं राहवत नव्हतं. घंटेला थोडा अवकाश होता. जरा वारा यावा म्हणून लुडविनाने परसाचं दार उघडलं.

पायरीवर वाडगा होता.

परसात कुणी नव्हतं. माळी दूर कोबीला पाणी घालत होता. लुडविना वाकली आणि तिने वाडगा उचलला. राखेने स्वच्छ घासलेला. कडेला बर्फ धरलं होतं, बोट लावलं तर बोट चिकटलं.

तिने तो उलटा करून पाहिला नाही. आत आणला, पुसला, जेवणघरात आपल्या जागेवर ठेवला. टिनचं भांडं खिळ्याला अडकवलं. मग परत येऊन पातेल्यात डाव घातला, चाखलं आणि चिमूटभर मीठ टाकलं.

कोलंबा घामाने निथळत आत आली. जेवणघराच्या उघड्या दारातून तिचं लक्ष मेजाकडे गेलं आणि ती तिथेच थांबली.

"बैस," लुडविना म्हणाली. "नीट ऐक. पावाचं आंबवण वरच्या फळीवर आहे, झाकण घट्ट लावू नकोस, फुटेल. आणि उद्यापासून माझ्या वाट्याचं बाहेर जाईल ते सूप चांगलं गरम असू दे. तिला लांब जावं लागतं."